कोकणातून शेंगेन व्हिसा: फाईल कशी बांधायची

देवगडच्या बागायतदाराच्या खात्यात एप्रिल-मेमध्ये वर्षाचे पैसे येतात आणि पुढचे आठ-नऊ महिने खातं हळूहळू उतरत जातं. हर्णैच्या नौकामालकाकडे जून-जुलैत एक रुपया जमा होत नाही, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. सातबाऱ्यावर चौदा नावं, घर अजून आजोबांच्या नावावर, मुलीचं आडनाव आधारवर एक आणि पासपोर्टवर दुसरं. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मुंबईच्या कॉन्सुलेटमधल्या अधिकाऱ्याला मात्र दर महिन्याला पगार जमा होणारं खातं वाचायची सवय असते. तो तुमचं गाव पाहत नाही, बहुतेक वेळा तुम्हालाही भेटत नाही. त्याच्यासमोर फक्त फाईल येते. म्हणून कोकणातून व्हिसा मागताना फॉर्म भरणं हे सोपं काम. आपलं हंगामी उत्पन्न आणि सामाईक मालमत्ता त्या माणसाला पाच मिनिटांत कळेल अशी मांडणं, हे अवघड काम. या लेखात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आधी कुठला व्हिसा ते ठरवा

युरोपातल्या २९ देशांचा मिळून, एकाच व्हिसावर फिरता येणारा, एक शेंगेन प्रदेश आहे. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, नेदरलँड्स त्यात आहेत. युरोपीय संघात नसलेले स्वित्झर्लंड आणि नॉर्वेही आहेत. क्रोएशिया २०२३ पासून आला, रुमानिया आणि बल्गेरिया २०२५ पासून पूर्णपणे आले. ब्रिटन आणि आयर्लंड यात नाहीत, त्यांचे व्हिसे वेगळे. पॅरिसहून दोन दिवस लंडनला जाऊन परत पॅरिसला यायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा लागेलच, शिवाय शेंगेन व्हिसाही एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागेल.

फिरायला, मुलाकडे राहायला किंवा व्यापारी भेटीसाठी जायचं असेल तर ‘सी’ प्रकारचा अल्पमुदतीचा व्हिसा. त्यात कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. हे १८० दिवस कॅलेंडरप्रमाणे बदलत नाहीत, रोज एक दिवस पुढे सरकतात. १ सप्टेंबरला उतरून २९ नोव्हेंबरला निघालात तर ९० दिवस संपले, आणि २८ फेब्रुवारीच्या आधी पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही, व्हिसाची तारीख शिल्लक असली तरी. नातवंडासाठी वर्षातून दोनदा जाणाऱ्या आजी-आजोबांची इथेच गफलत होते.

शिक्षण, नोकरी किंवा नवरा-बायकोकडे कायमचं राहायला जायचं असेल तर ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा. त्याबद्दल पुढे.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, हा तुमच्या सोयीचा प्रश्न नाही. प्रवासाचा मुख्य हेतू जिथे आहे तो देश, आणि नुसतं फिरणंच असेल तर जिथे सर्वांत जास्त दिवस मुक्काम आहे तो. पॅरिस ३ रात्री, इटली ४, स्वित्झर्लंड ५, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. दिवस सारखेच असतील तर ज्या देशात आधी उतरणार तो. ‘अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते’ म्हणून तिथे अर्ज करायचा आणि मुक्काम दुसरीकडे, असं करू नका. मुक्कामांचा तक्ता पाहताक्षणी ते कळतं.

हंगाम पाहून तारीख धरा

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण शंका आली तर ते ४५ दिवसांपर्यंत नेऊ शकतात. म्हणून विमानाच्या तारखेच्या निदान दोन-अडीच महिने आधी अर्ज दाखल होईल असं गणित ठेवा. एप्रिल ते जून अपॉइंटमेंटची गर्दी असते, त्यामुळे उन्हाळ्यात जायचं असेल तर हालचाल जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू करायला हवी.

आता आपल्या कामाचा मुद्दा. बँकेचं स्टेटमेंट देशागणिक शेवटच्या ३ ते ६ महिन्यांचं मागतात. त्या महिन्यांत तुमचं हंगामाचं उत्पन्न दिसलं पाहिजे. आंबेवाल्याने जून-जुलैत अर्ज करून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गणपती उरकून जावं. स्टेटमेंटमध्ये सगळी पट्टी (अडत्याकडून आलेले विक्रीचे पैसे) दिसते आणि फवारणीच्या आधी घरी परत येता येतं. त्याच माणसाने जानेवारीत अर्ज केला तर अधिकाऱ्याला फक्त खर्च होत गेलेलं खातं दिसतं. मच्छीमाराचं उलट. बंदीच्या जून-जुलैत जायला वेळ असतो आणि मार्चमध्ये अर्ज केला तर मागचे सहा महिने मासळीच्या पैशाने भरलेले असतात. होमस्टेवाल्याने दिवाळी आणि नाताळचे महिने स्टेटमेंटमध्ये येतील असं पाहावं. तीन महिन्यांचं मागितलं असलं तरी हंगामी उत्पन्नवाल्याने बारा महिन्यांचं जोडावं. नियम तुम्हाला जास्त द्यायला अडवत नाही.

पासपोर्ट आणि नावं

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा असावा आणि त्यात दोन पानं पूर्ण कोरी असावीत. जुने पासपोर्ट असतील तर तेही सोबत न्या. आखाती देशांचे, सिंगापूरचे किंवा जुने शेंगेन शिक्के म्हणजे तुम्ही गेलात आणि वेळेत परत आलात याचा पुरावा.

पासपोर्टवर ‘ईसीआर’ (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) शिक्का आहे म्हणून अनेकजण घाबरतात. ती अट ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे आणि त्या यादीत युरोपातला एकही देश नाही. युरोपला फिरायला किंवा मुलाकडे जाण्यासाठी तो शिक्का काढून घ्यायची गरज नाही.

नावाच्या स्पेलिंगची मात्र आधीच छाननी करा. पासपोर्ट, पॅन, बँक आणि लग्नाचा दाखला चारही समोर ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. फॉर्म, विमा, हॉटेल, तिकीट यांत पासपोर्टप्रमाणेच नाव हवं, वडिलांच्या नावासकट. पासपोर्टमध्ये आडनावाची जागाच रिकामी असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि पासपोर्ट माहेरच्या नावावर असेल तर तसाच चालतो, पण लग्नाचा दाखला इंग्रजी भाषांतरासह जोडा. सातबाऱ्यावर ‘सखाराम’ आणि पासपोर्टवर ‘सखाराम उर्फ बाळकृष्ण’ असं असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र पुरतं.

पैशाची कागदपत्रं

किती पैसे दाखवायचे? काही देश रोजचा आकडा जाहीर करतात. फ्रान्सचा नियम असा: हॉटेलचं बुकिंग दाखवलं तर माणशी रोज ६५ युरो, बुकिंग नसेल तर १२०, आणि तिथल्या यजमानाचं नगरपालिकेने मंजूर केलेलं पत्र असेल तर ३२.५० युरो. नवरा-बायको १२ दिवस हॉटेलात राहणार असतील तर ६५ गुणिले १२ गुणिले २, म्हणजे १५६० युरो. युरो १०० रुपये धरला तरी १ लाख ५६ हजार. हा किमान आकडा आहे. विमानाचं भाडं वजा जाऊन आणि घरचा चार-सहा महिन्यांचा खर्च चालून एवढी रक्कम हाताशी उरते, असं खातं दिसायला हवं. प्रवासात सगळी शिल्लक संपणार असेल तर अधिकारी विचारणारच की हा माणूस परतल्यावर खाणार काय.

सर्वांत घातक चूक म्हणजे अर्जाच्या आठवड्यात भावाकडून किंवा पतसंस्थेतून पाच लाख उचलून खात्यात टाकणं. शिल्लक मोठी दिसते, पण आदल्या दिवशीची शिल्लक बावीस हजार होती हेही त्याच पानावर दिसतं. अशी जमा कुठून आली याचा कागद नसेल तर ती नसलेली बरी. जमीन विकली, मुदत ठेव मोडली, मुलाने पाठवले, अशी खरी कारणं असतील तर त्या-त्या व्यवहाराचा कागद लगेच मागे लावा.

स्टेटमेंट बँकेच्या शाखेतून छापून, प्रत्येक पानावर शिक्का आणि सही घेऊन आणा. जिल्हा बँकेत किंवा पतसंस्थेत खातं असेल तर पासबुकाची झेरॉक्स पुरत नाही. शाखेच्या लेटरहेडवर इंग्रजीत शिल्लक प्रमाणपत्र घ्या. ठेवींच्या पावत्या मराठीत असतात, त्यांचं भाषांतर करून घ्या.

उत्पन्न कुठून येतं हे दाखवायला धंद्याप्रमाणे वेगवेगळे कागद लागतात.

आंबा, काजू, नारळ-सुपारीच्या बागायतदाराने डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ काढावेत. ते महाभूमी पोर्टलवर मिळतात, सातबाऱ्याला १५ रुपये पडतात. सामाईक सातबारा असेल तर तुमच्या हिश्शाचं क्षेत्र अधोरेखित करून पत्रात लिहा. वाटणीपत्र झालं असेल तर ते लावा, नसेल तर सहहिस्सेदारांचं साधं संमतीपत्र की अमुक कलमं हे कसतात आणि उत्पन्न यांचं. वाशी मार्केटच्या अडत्याकडून आलेल्या पट्ट्या जपून ठेवा. पट्टीवरची रक्कम आणि बँकेतली जमा यांना एकच क्रमांक घाला, म्हणजे पट्टी क्रमांक ३ म्हणजे स्टेटमेंटमधली १८ एप्रिलची नोंद, हे एका नजरेत कळेल. बाग खंडाने दिली असेल तर खंडाचा करार. रोखीने विकलेल्या मालाचा पुरावा नसतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत जायचा विचार असेल तर आजपासून पैसे खात्यातच घ्यायला लागा.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे पुष्कळजण आयकर विवरणपत्र भरतच नाहीत. कर शून्य असला तरी शेतीचं उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरा. अशी दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं फाईलमध्ये असली की अधिकाऱ्याला ओळखीचा कागद मिळतो. शेतीचं उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर आयटीआर-१ (विवरणपत्राचा सर्वांत साधा फॉर्म) चालत नाही, हे सीएला सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

मच्छीमाराने नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, मच्छीमार सोसायटीचं सदस्यत्व आणि सोसायटी किंवा व्यापाऱ्याकडून खात्यात आलेल्या रकमा दाखवाव्यात. होमस्टेवाल्याने न्याहारी व निवास योजनेचं प्रमाणपत्र असेल तर ते, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती आणि ऑनलाइन बुकिंगवाल्या कंपनीकडून आलेल्या पैशांचा तपशील. दुकानदाराला शॉप अ‍ॅक्ट किंवा उद्यम नोंदणी आणि जीएसटी. नोकरदाराचं सोपं: तीन पगारपत्रकं, रजा मंजुरीचं पत्र, फॉर्म १६. शिक्षक आणि सरकारी कर्मचाऱ्यांनी परदेश प्रवासाचं ना-हरकत पत्र आधीच मागून ठेवावं, ते फिरून यायला महिना जातो.

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हा नाजूक कागद. मुलांच्या फी सवलतीसाठी काढलेला ७० हजारांचा दाखला आणि त्याच वर्षीचं १२ लाखांचं विवरणपत्र एका फाईलमध्ये गेलं तर दोन्हींवरचा विश्वास उडतो. खरं उत्पन्न एकच असतं, आणि फाईलमधल्या प्रत्येक कागदाने तेच सांगितलं पाहिजे.

आता या सगळ्याला जोडणारं पत्र. हे इंग्रजीत, एका पानात असावं, पण आशय साधा ठेवा: ‘मी रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. माझ्याकडे हापूसची २१० कलमं आहेत. फळ मार्चअखेर ते जूनमध्ये विकलं जातं, म्हणून माझं वर्षाचं उत्पन्न या तीन महिन्यांत खात्यात येतं आणि वर्षभर पुरतं. सोबत मागच्या दोन हंगामांच्या विक्रीपट्ट्या आणि बारा महिन्यांचं स्टेटमेंट आहे. २० सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर या काळात बागेत मोठं काम नसतं. नोव्हेंबरपासून मोहोराची फवारणी सुरू होते, त्यासाठी मी हजर असणं आवश्यक आहे. घरी माझी आई आणि शाळेत जाणारी दोन मुलं आहेत.’ यातलं शेवटचं वाक्य भावनेसाठी नाही. तुम्ही परत का येणार, हा अधिकाऱ्याचा मुख्य प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर बाग, आई आणि मुलं यांत आहे. पत्रातल्या प्रत्येक विधानामागे फाईलमध्ये कागद असावा. ज्याला कागद नाही ते लिहू नका.

मराठी कागदांचं भाषांतर इंग्रजीत, अनुवादकाच्या सही-शिक्क्यासह. सातबाऱ्याचं भाषांतर करताना ‘पोटखराबा’सारखे शब्द इंग्रजी लिपीत तसेच लिहू नयेत, जमिनीचा प्रकार कळेल असं साध्या इंग्रजीत लिहावं. घर-जमिनीच्या किमतीसाठी सीएचं निव्वळ मालमत्ता प्रमाणपत्र चालतं, पण ते रोख शिल्लकेची जागा घेत नाही. कोटीची बाग असली तरी पॅरिसच्या हॉटेलचं बिल बागेने भरता येत नाही.

मुलाकडे जायचं असेल तर

मुलगा खर्च करणार असेल तर तिथल्या देशाचा ठरलेला कागद लागतो, नुसतं ई-मेलवरचं निमंत्रण पुरत नाही. जर्मनीत मुलाने आपल्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन हमीपत्र करायचं. त्याला ‘फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ म्हणतात, २९ युरो पडतात आणि मूळ प्रत इथे पाठवावी लागते. ते केल्यापासून सहा महिन्यांत व्हिसासाठी वापरायचं असतं. या कार्यालयांची अपॉइंटमेंटच कधी कधी महिना-दीड महिन्याने मिळते, म्हणून पहिलं पाऊल मुलाचं. फ्रान्समध्ये यजमान नगरपालिकेतून ‘आतेस्तास्यों दाक्युई’ घेतो. नेदरलँड्स आणि इटलीचे आपापले फॉर्म आहेत.

सोबत मुलाच्या पासपोर्टची आणि निवास परवान्याची प्रत, पगारपत्रकं, घराचा भाडेकरार, आणि नातं दाखवणारा त्याचा जन्मदाखला. ग्रामपंचायतीच्या जुन्या जन्मदाखल्यात बाळाचं नावच नसतं. नाव नोंदवून नवा दाखला घ्यायला वेळ लागतो, हे आधी पाहा. आणि मुलाची हमी असली तरी आई-वडिलांनी आपल्या पेन्शनचे किंवा बागेचे कागद लावावेतच. हमीपत्र खर्चाची हमी देतं, परत येण्याची नाही.

बुकिंग आणि विमा

विमानाचं तिकीट विकत घेऊन ठेवू नका, आरक्षण पुरतं. हॉटेल मोफत रद्द करता येणारं घ्या, पण अर्ज दिल्यावर लगेच रद्द करू नका. कॉन्सुलेट हॉटेलला विचारू शकतं. तालुक्याच्या गावी कुणी शे-दोनशे रुपयांत ‘डमी तिकीट’ देत असेल तर त्याचा पीएनआर स्वतः विमान कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहा. तिथे सापडला नाही तर ते खोटं कागदपत्र आहे, आणि खोट्या कागदाचा शेरा पैसे कमी असण्यापेक्षा कितीतरी वाईट.

विमा किमान ३० हजार युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, तातडीचे उपचार, रुग्णालय आणि माघारी आणण्याचा खर्च धरणारा. तारखा विमानाच्या तारखांशी जुळल्या पाहिजेत, आणि परतायला उशीर झाला तर म्हणून दोन-चार दिवस जास्त घ्या. वय सत्तरीपुढे असेल तर हप्ता बराच वाढतो आणि काही पॉलिसींत आधीच्या आजाराला रक्कम फारच थोडी असते. रक्तदाब, मधुमेह लपवू नका. पॉलिसी देशागणिक वेगळी नसते, पण प्रमाणपत्रावर ‘शेंगेन’ आणि रक्कम युरोत लिहिलेली हवी.

फॉर्म, फोटो, अपॉइंटमेंट

फॉर्म त्या देशाच्या पोर्टलवर भरून छापायचा. जन्माच्या वेळचं आडनाव, पूर्वी व्हिसा नाकारला का, बोटांचे ठसे आधी दिलेत का, ही उत्तरं खरी द्या. शेंगेन देशांची एकत्र माहितीपेढी आहे आणि तिथे नकाराची नोंद पाच वर्षं राहते. सही पासपोर्टसारखीच. लहान मुलाच्या फॉर्मवर आई आणि वडील दोघांच्या सह्या.

फोटो ३५ गुणिले ४५ मिलीमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, नुकताच काढलेला, फोटोच्या ७० ते ८० टक्के भागात चेहरा. स्टुडिओत ‘शेंगेन साइज’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर पासपोर्ट साइजचे ठोकळे हातात पडतात.

कागद बहुतेक देशांसाठी व्हीएफएसच्या केंद्रात द्यायचे, स्पेनसाठी बीएलएसच्या. या कॉन्सुलेटच्या वतीने अर्ज घेणाऱ्या खासगी कंपन्या. महाराष्ट्रातल्या अर्जदारांचं मुख्य ठिकाण मुंबई. पुण्यात आणि पणजीतही काही देशांसाठी सोय आहे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या माणसाला पणजी जवळ, पण तुमच्या देशाची तिथे सोय आहे का आणि महाराष्ट्राचा पत्ता चालतो का, ते आधी संकेतस्थळावर पाहा. अपॉइंटमेंटची वेळ स्वतः ऑनलाइन घ्या. ती विकणाऱ्याला पैसे देऊ नका. एजंट फॉर्म भरून देऊ शकतो, कागद लावून देऊ शकतो, ‘व्हिसाची गॅरंटी’ देऊ शकत नाही.

अपॉइंटमेंट पावसाळ्यात असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या सावकाश चालतात आणि दरड आली तर तासन् तास अडकतात. रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी पकडून सकाळी दहाच्या अपॉइंटमेंटला पोहोचण्याचा हिशोब जुलैत करू नये. चुकलेली वेळ म्हणजे बहुधा नवी अपॉइंटमेंट, म्हणजे आणखी काही आठवडे.

बोटांचे ठसे हा कोकणात खरोखर अडचणीचा विषय. काजूच्या टरफलातलं तेल त्वचा जाळतं. जांभ्या दगडाचं काम, जाळी ओढणं, मीठ-पाणी यांनीही रेघा झिजतात. दहाही बोटांचे ठसे लागतात. काजू फोडणं-सोलणं निदान दोन-तीन आठवडे आधी थांबवा, रात्री खोबरेल तेल लावा, बोटांच्या टोकांना मेंदी नको. कापलेलं बोट असेल तर बरं होईपर्यंत तारीख पुढे घ्या. एकदा दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. १२ वर्षांखालच्या मुलांना ठसे नाहीत.

फी प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहा वर्षांखाली माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

कागदांचा क्रम केंद्राच्या यादीप्रमाणेच लावा, पहिल्या पानावर अनुक्रमणिका. मूळ कागद दाखवायला न्या, द्यायच्या प्रतीच. कुरिअरने पासपोर्ट परत मागवणार असाल तर वाडीचा पत्ता न देता तालुक्याच्या ठिकाणचा, कुरिअर खरोखर पोहोचतं असा पत्ता द्या, आणि मोबाइलला रेंज असलेला नंबर. पासपोर्ट कॉन्सुलेटमध्ये असताना दुसरीकडे परदेशी जाता येत नाही.

जहाजावर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. रॉटरडॅम किंवा हॅम्बुर्गला जहाजावर चढायचं असेल तर खलाशी ९ महिने आधीपासून अर्ज करू शकतात. सीडीसी (खलाशाची नोंदवही), कंपनीचं पत्र आणि जहाजाच्या एजंटचं पत्र लागतं. आणि दुबई-कुवेतला निवास परवाना असलेल्यांनी सुट्टीत गावी येऊन अर्ज करण्यापेक्षा तिथूनच करावा.

व्हिसा हातात आल्यावर

स्टिकर तिथेच वाचा. पासून-पर्यंतच्या तारखा, किती दिवस राहायचं आणि किती प्रवेश, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तारखांचा काळ ३० दिवसांचा आणि राहण्याचे दिवस १५ असतील तर तुम्हाला १५च दिवस मिळाले आहेत. नाव किंवा पासपोर्ट क्रमांक चुकला असेल तर त्याच दिवशी कळवा.

एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी एक चांगला नियम आहे. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नियमाने वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. म्हणून पहिल्या व्हिसाची मुदत एक दिवसानेही ओलांडू नका. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर प्रवेश-निर्गमनाची नोंद संगणकावर व्हायला लागली आहे, त्यामुळे दिवसांचा हिशोब आपोआप दिसतो.

नाकारला तर

नकाराच्या कागदावर कारणांच्या ठरावीक चौकटी असतात आणि तुमच्या कारणावर खूण असते. ‘प्रवासाचा हेतू आणि परिस्थिती पटली नाही’ म्हणजे बहुधा पत्र, मुक्काम आणि कागद जुळले नाहीत. ‘परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका’ म्हणजे बाग, नोकरी, कुटुंब फाईलमध्ये नीट दिसलं नाही. अपिलाचा मार्ग कागदावरच दिलेला असतो, मुदतीसकट. पण कागद कमी पडले असतील तर अपिलापेक्षा ते पुरे करून नवा अर्ज करणं बहुतेकदा लवकर होतं. मध्ये थांबायची सक्ती नाही. तीच फाईल पुन्हा दिली तर तेच उत्तर येईल.

राहायला जायचं असेल तर

‘डी’ व्हिसाचे नियम प्रत्येक देशाचे स्वतंत्र. जर्मनीला शिकायला जाणाऱ्याला नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचं) लागतं आणि ‘ब्लॉक्ड’ म्हणजे व्यवहार रोखून ठेवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ काढता येतात. नोकरी किंवा जोडीदाराकडे जाणाऱ्यांना जन्म आणि लग्नाचे दाखले अधिकृत करून द्यावे लागतात. बऱ्याच देशांना अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, लागतं. त्यासाठी ग्रामपंचायतीचा दाखला आधी राज्य पातळीवर प्रमाणित करून मग परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो. काही देशांत त्याऐवजी वेगळी पडताळणी असते, म्हणून कागद मुंबईला पाठवण्याआधी त्या देशाची यादी वाचा. या व्हिसांना महिने लागतात.

आणि सामान

मुलासाठी हापूसची पेटी घ्यायचा मोह सोडा. ताजी फळं युरोपात नेताना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. फक्त केळं, नारळ, अननस, ड्युरियन आणि खजूर यांना सूट आहे. म्हणजे नारळ नेता येतो, आंबा नाही. पेढे, खवा, तूप, मांसाचे पदार्थ बंद. सुकं खोबरं तेलकट आणि पेट घेणारं म्हणून विमानातच चालत नाही. आमसुलं, आंबापोळी आणि भाजलेले काजू बिनधास्त भरा. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा, आणि त्याच बॅगेत विमा, परतीचं तिकीट, मुक्कामाचा पत्ता आणि मुलाचा तिथला फोन नंबर कागदावर लिहून. सीमेवरचा अधिकारी हेच विचारतो, आणि उतरल्यावर मोबाइल चालू होईलच याची खात्री नसते.